हात थरथरतात, टॉवरवरून पक्षी ओळखू येत नाहीत, आयएस दुर्बीण घेऊ का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय ६३, चष्मा आहे, दोनेक वर्षांपासून हात थरथरतात, घरात १०×५० ची (म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढची काच ५० मिलिमीटरची) जुनी दुर्बीण आहे, नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात चापडगावच्या टॉवरवर उभं राहिलं की आजूबाजूचे म्हणतात तो बघा टिलवा, ती बघा तुतारी (दोन्ही चिखलात चरणारे काठावरचे पक्षी), आणि तुम्हाला मात्र नाचणारे ठिपके दिसतात. मुलगा म्हणतोय इमेज स्टॅबिलायझेशनवाली, म्हणजे आयएस, हाताचा कंप सावरून चित्र स्थिर ठेवणारी दुर्बीण घेऊन देतो. तुम्ही विचारलंय की १०×३० घेऊ की १२×३६, का या वयात एवढा पैसा घालणं म्हणजे वायाच.

वाया नाही. अजिबात नाही. तुमच्यासारख्यांना या दुर्बिणीचा जेवढा फायदा होतो तेवढा तरण्याताठ्या पोरांनाही होत नाही हे मी खात्रीने सांगतो. पण कुठली घ्यायची याचं उत्तर सरळ नाहीये, कारण थरथरणाऱ्या हाताचं गणित वेगळं असतं आणि दुकानदार ते सांगत नाही, म्हणून जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

मी नांदूरला वीसेक वर्षं जातोय आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं आयएस वापरतोय. त्याआधी माझ्याकडे चांगली ८×४२ होती आणि माझं ठाम मत होतं की बॅटरीवर चालणारी दुर्बीण ही बोटीवरच्या लोकांची गोष्ट आहे, पक्षी बघणाऱ्याला तिची गरज नाही. ते मत बदललं ते डिसेंबरातल्या एका सकाळी. पाणी थोडं उतरलेलं होतं, काठाला चिखलाचा लांब पट्टा उघडा पडला होता आणि त्यावर आठ-दहा टिलवे टुकटुक करत चिखलात चोची मारत होते, अंतर असेल चाळीसेक मीटर. टिलवा म्हणजे चिमणीएवढा पक्षी. मी वहीत छोटा टिलवा, संख्या दहा असं लिहून मोकळा झालो होतो. शेजारी एक ओळखीचे गृहस्थ होते, त्यांनी त्यांची दुर्बीण माझ्या हातात दिली आणि म्हणाले बटण दाबून बघा. बटण दाबलं आणि चित्र थांबलं. म्हणजे अक्षरशः थांबलं, भिंतीवरच्या फोटोसारखं. आणि मग दिसलं की त्या दहातल्या नऊ जणांचे पाय काळे आहेत आणि एकाचे पिवळट हिरवे. तो एक जरा वाकून चालत होता, छातीवर सलग तपकिरी रंग, पाठीवर कसलीही नक्षी नाही. टेमिंकचा टिलवा! तो आधीपासून तिथेच होता, माझ्या ८×४२ मध्येही त्याचे पाय पिवळेच होते, पण माझ्या हाताच्या कंपामुळे तो पिवळा रंग चिखलात मिसळून जात होता. त्या दिवशी घरी येऊन मी जुन्या वह्या काढून बसलो आणि विचार करत राहिलो की इतक्या वर्षांत असे किती टेमिंक मी छोटा टिलवा म्हणून लिहून टाकले असतील.

मला जे सांगायचंय ते त्यातच आहे ताई. आपण समजतो की दिसत नाही कारण दुर्बिणीची ताकद कमी पडते. खरं तर बहुतेक वेळा दिसत नाही कारण चित्र हलतं. दुर्बीण पक्ष्याला दहापट मोठं करते तेव्हा ती तुमच्या हाताची थरथर पण दहापट मोठी करते, बारा केली तर बारापट. म्हणून तर हातात धरून वापरायच्या साध्या दुर्बिणी ८ आणि १० वर थांबतात, त्याच्या पुढे ताकद वाढवली तरी डोळ्याला तपशील वाढून मिळत नाही, फक्त मोठं आणि अंधुक दिसतं. तुमची १०×५० तर वजनानेही एक किलोच्या आसपास असणार, ती दोन मिनिटं धरली की धडधाकट माणसाचे दंड भरून येतात, मग थरथर अजून वाढते. त्यामुळे तुमचे डोळे गेलेत किंवा आता हे आपल्याला जमणार नाही असं जे तुम्ही लिहिलंय ते आधी मनातून काढून टाका.

आता ही दुर्बीण आत काय करते ते थोडक्यात, कारण ते कळलं की वापरायची कशी ते आपोआप कळतं. कॅननच्या १०×३० आणि १२×३६ मध्ये प्रत्येक नळीत दोन सपाट काचा असतात, त्या हार्मोनियमच्या भात्यासारख्या घडीने जोडलेल्या असतात आणि मधल्या जागेत पारदर्शक तेलकट द्रव भरलेला असतो. आत बारीक सेन्सर असतात, एक वरखाली हालचाल ओळखतो, एक डावीउजवी. हात हलला की क्षणार्धात त्या काचा उलट्या बाजूला तिरक्या होतात, मधल्या द्रवाचा आकार पाचरीसारखा होतो आणि प्रकाशाची वाट तेवढीच वळते, त्यामुळे डोळ्याला चित्र जागच्या जागी दिसतं. कॅननने १९९५ मध्ये आणलेल्या १२×३६ पासून ही पद्धत आहे. त्यांच्या नंतरच्या १०×३२, १२×३२, १४×३२ या मालिकेत भाता नाही, तिथे कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये असतं तसं एक भिंगच सरकतं. फुजीनॉन या दुसऱ्या कंपनीच्या टेक्नो-स्टॅबीमध्ये अख्खा प्रिझम झुल्यावर टांगल्यासारखा असतो आणि तो मॉडेलप्रमाणे तीन अंश किंवा त्याहूनही जास्त हेलकावा सावरतो, म्हणजे होडी किंवा चालती गाडी असेल तर ती भारी. कॅननवाल्या साधारण एक अंश किंवा त्याहून कमी सावरतात. ऐकायला कमी वाटतं पण जमिनीवर उभं राहून पक्षी बघताना हाताचा कंप त्यापेक्षा बराच लहान असतो, तेवढं पुरतं. उलट तीन किंवा जास्त अंशवाल्यांमध्ये पक्ष्यामागे दुर्बीण फिरवताना चित्र जरा मागे रेंगाळतं, तरंगल्यासारखं वाटतं, काहींना त्याने गरगरतं. तुम्हाला होडीतून बघायचं नसेल तर तिकडे जाऊ नका.

आता तुमच्या हाताचं बोलू, कारण खरी मेख इथे आहे.

दुर्बिणीच्या मागच्या काचेतून जो प्रकाशाचा गोल बाहेर येतो त्याची रुंदी म्हणजे पुढच्या काचेचा आकडा भागिले ताकद. तुमच्या १०×५० ला ५० भागिले १०, म्हणजे ५ मिलिमीटर. १०×३० ला ३ मिलिमीटर. १२×३६ ला पण ३ च. तीन मिलिमीटरचा गोल म्हणजे ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान, आणि तो तुमच्या बाहुलीवर नेमका पडायला हवा. स्टॅबिलायझेशन काय करतं, दुर्बीण ज्या दिशेला वळते ती चूक सावरतं. पण दुर्बीणच अख्खी तुमच्या डोळ्यासमोर डावीकडे उजवीकडे सरकत असेल तर ते सावरणं त्याच्या हातात नाही. मग काय होतं, पक्षी शांत दिसतो पण कडेने काळी सावली येते जाते, येते जाते. ज्यांचा हात जास्त थरथरतो त्यांनी आयएस एकदा हातात घेऊन ही काय भानगड आहे म्हणून परत दिल्याचं मी दोनदा पाहिलंय, आणि दोन्ही वेळा दोष दुर्बिणीचा नव्हता, धरण्याचा होता.

उपाय सोपा आहे. दुर्बीण चेहऱ्याला टेकली पाहिजे. चष्मा घालूनच बघणार असाल तर डोळ्याकडची रबरी कडा पूर्ण दुमडून टाका आणि ती चष्म्याच्या काचेला अलगद टेकवा, वर टोपीची झालर असेल तर दोन्ही हातांची पहिली बोटं झालरीवर ठेवून झालर आणि दुर्बीण एकत्र धरा, म्हणजे दुर्बीण, डोकं, हात सगळं मिळून एकच वस्तू होते. मग डोकं हललं तरी दुर्बीण डोळ्यासोबतच हलते आणि राहिलेला कंप आयएस खाऊन टाकतं. कोपर बरगड्यांना टेकवा. श्वास सोडून बघा, घेताना नाही. हे सगळं एका सकाळीत जमत नाही, पण आठवडाभर घरच्या गच्चीवरून समोरच्या टाकीवर बसणारी पारवी जरी बघितली तरी हाताला सवय लागते. तुमचा नंबर फक्त जवळचा किंवा दूरचा असेल आणि फार तिरका नंबर नसेल तर चष्मा काढूनही बघून बघा, तेव्हा रबरी कडा उघडी ठेवून भुवईखाली टेकवायची, ते जास्त स्थिर बसतं. पण मग वही लिहायला, पायऱ्या उतरायला परत चष्मा, त्याचा कंटाळा येतो, म्हणून मी तरी चष्मा घालूनच बघतो.

आणि थरथर नवीन असेल, वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवलंच असेल असं धरतो. नसेल तर आधी ते.

तर आता १०×३० की १२×३६. तुमच्या पत्रावरून मी १०×३० म्हणेन, आणि कारण ताकद नाहीये, कारण आहे शोधणं. बटण दाबायच्या आधी पक्षी गोलात यावा लागतो ना, तो टप्पा तर तुमच्या हातानेच पार पाडायचाय. १०×३० मध्ये सहा अंशाचा तुकडा दिसतो, म्हणजे एक किलोमीटरवर साधारण १०५ मीटर रुंदीचं दृश्य. १२×३६ मध्ये पाच अंश, म्हणजे ८७ मीटर. कागदावर फरक छोटा आहे, टॉवरवर मोठा आहे. शिवाय १०×३० जवळजवळ चार मीटरवरचंही बघू देते, १२×३६ ला सहा मीटर लागतात, म्हणजे बागेतल्या शिंजीर किंवा फुलपाखराला ती उपयोगाची नाही. वजन १०×३० चं ६०० ग्रॅम, दुसरीचं ६६०. हा ६० ग्रॅमचा फरक मी धरत नाही, पण ज्यांचं सगळं पक्षीनिरीक्षण पाणथळीच्या काठावर उभं राहूनच होतं, झाडीत कधी जातच नाहीत, आणि हात बऱ्यापैकी शांत आहेत, त्यांनी १२ घ्यावी, तिथे ती खरंच पुढे जाते.

कोणीतरी तुम्हाला कॅननची १०×४२ एल सुचवेल. दुर्बीण म्हणून ती अप्रतिम आहे, पाण्यापासून सुरक्षित, प्रकाशाचा गोल ४.२ मिलिमीटर, त्यामुळे मघाशी सांगितलेली काळी सावली कमी येते, पहाटेच्या अंधुक उजेडात फरक कळतो. पण वजन १,१०० ग्रॅमच्या वर आहे. तुमच्या हाताला ते झेपणार नाही आणि झेपलं तरी दहा मिनिटांनी थरथर वाढेल, म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. ज्यांना झेपते त्यांनी गळ्यात पट्टा न लावता खांद्यावरून पाठीमागे जाणारा हार्नेस लावावा. तो तुम्ही १०×३० ला पण लावाच, मानेचं दुखणं वाचतं.

वापरायची पद्धत. आधी पक्षी, मग फोकस, मग बटण. हा क्रम मोडायचा नाही. नवीन माणूस बटण दाबूनच दुर्बीण डोळ्याला लावतो आणि पक्षी शोधायला इकडेतिकडे फिरवतो, त्या वेळी यंत्र ती हालचाल पण कंप समजून अडवायला बघतं आणि चित्र अडखळत, घसरत चालतं, मग माणूस म्हणतो चक्कर येते. शोधताना बटण बंद. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण वर आणायची, फोकस करायचा, आणि मग बटण. चित्र शांत व्हायला अर्धा-एक सेकंद लागतो तेवढं थांबा, आणि कधी कधी बटण दाबल्यावर चित्र किंचित मऊ वाटतं, फोकसचं चाक केसभर हलवलं की परत कडक होतं. काही मॉडेलमध्ये बटण दाबून धरावं लागतं, काहींमध्ये एकदा दाबलं की चालू राहतं आणि थोड्या वेळाने आपोआप बंद होतं. तुमची बोटंही थरथरत असतील तर हे घेण्याआधी हाताने करून बघा, कारण दाबून धरणाऱ्या बटणाने काहींच्या बोटाला पेटका येतो.

उडणाऱ्या पक्ष्याला काय करायचं हा प्रश्न सगळे विचारतात. नदी सुरय पाण्यावरून कोलांट्या मारतोय, वेडा राघू माशी पकडायला झेपावतोय, तिथे बटण सोडून द्या, साध्या दुर्बिणीसारखंच वापरा. पण भोवत्यासारखा शिकारी पक्षी जो संथ तरंगत जातो त्याच्यामागे बटण दाबून हळूहळू दुर्बीण फिरवली तर फार सुंदर दिसतं. येवल्याकडे ममदापूरच्या माळावर हिवाळ्यात संध्याकाळी भोवत्ये उतरतात, त्यातली मादी माँटेग्यूची की फिकट भोवत्याची हा वाद वर्षानुवर्षं चालतो, तर फिकट भोवत्याच्या मादीला गालावरच्या गडद चट्ट्याच्या मागे मानेभोवती एक फिकट पट्टा असतो, कॉलरसारखा. हा पट्टा उडत्या पक्ष्यावर साध्या दुर्बिणीने मला दहातून दोनदा दिसायचा. आता निम्म्या वेळा तरी दिसतो. राहिलेल्या निम्म्या वेळा मी वहीत भोवत्या एवढंच लिहितो आणि तुम्हीही तसंच लिहा, ओढूनताणून नाव लावू नका.

परत चापडगावला येतो, कारण तुमचा खरा प्रश्न तिथला आहे. गोदावरी आणि कादवाच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा घातला, त्याच्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि त्यातून ही उथळ दलदल, बेटं, पाणवनस्पती तयार झाल्या, म्हणून तिथे एवढे पक्षी येतात. २०२० च्या जानेवारीत ही महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली हे तुम्हाला माहीतच असेल. त्यानंतर गर्दी वाढली, चांगलंच आहे, पण रविवारी टॉवरवर पंधरा माणसं चढली की टॉवर हलतो. पोरं जिन्यावरून पळत आली की कठड्याला टेकवलेली दुर्बीण जोरात थरथरते. मी पूर्वी कठड्याला कोपर टेकवायला सांगायचो, आता सांगतो की गर्दी असेल तर कठडा सोडा, स्वतःच्या बरगड्यांना कोपर लावा आणि आयएसला काम करू द्या. टॉवर रिकामा असेल तर मात्र कठड्याइतका चांगला आधार नाही. स्वतःचं घडीचं स्टूल घेऊन खाली काठावर बसून बघणं तर सगळ्यात उत्तम, गुडघ्यांवर कोपर येतात, आणि चिखलावरचे पक्षी पण जवळ दिसतात.

आता तिथे तुम्हाला काय दिसायला लागेल ते सांगतो. चक्रवाक, शेकाट्या, चमचा, जांभळी पाणकोंबडी हे तर तुमच्या जुन्या दुर्बिणीतही ओळखू येतात, त्यांना रंग आणि आकार पुरतो. फरक पडतो तो तपकिरी पक्ष्यांत. बदकांच्या माद्या घ्या. चक्रांगची मादी आणि भुवई बदकाची मादी दोन्ही लहान, दोन्ही तपकिरी, शेजारी शेजारी पोहतात. भुवई बदकाच्या मादीच्या तोंडावर पट्टे ठसठशीत असतात, डोळ्यातून जाणारी गडद रेघ, वर फिकट भुवई, चोचीच्या मुळाशी एक फिकट ठिपका. चक्रांगच्या मादीचा चेहरा साधा, पण शेपटीच्या बुडाशी बाजूला एक फिकट रेघ असते. तसंच तुताऱ्यांचं, ठिपकेवाल्या तुतारीची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, हिरव्या तुतारीची डोळ्यापाशीच संपते. पुस्तकात हे सगळं तुम्ही शंभरदा वाचलं असेल आणि प्रत्यक्षात एकदाही दिसलं नसेल, कारण ही एखाद-दोन मिलिमीटरची रेघ आहे आणि हलणाऱ्या चित्रात सगळ्यात आधी रेघाच पुसल्या जातात. चित्र थांबलं की त्या परत येतात. पहिल्यांदा भुवई बदकाची भुवई स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल ना, तेव्हा मला नक्की कळवा.

पण दोन गोष्टी आयएस करू शकत नाही. एक म्हणजे अंतर. पलीकडच्या बेटावर पाचशे मीटरवर बसलेला थवा तुमच्या कोणत्याही दुर्बिणीत दाणेच दिसणार, तिथे तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोपच पाहिजे, आणि तो बरेचदा कोणीतरी आणलेला असतो, मागायला संकोच करू नका. दुसरं म्हणजे ऊन. साडेनऊ-दहानंतर पाण्यावरून, चिखलावरून गरम हवा वर यायला लागली की चित्र उकळल्यासारखं लवलवतं. तो कंप हवेत आहे, हातात नाही, त्याला यंत्र काही करू शकत नाही. लोक तेव्हा बॅटरी गेली म्हणून बॅटऱ्या बदलत बसतात. म्हणून पोचा लवकर, नाशकातून निघताना अंधार असला पाहिजे. मिसळ परत येताना.

जंगलात, म्हणजे त्र्यंबक-हरसूलच्या झाडीत वगैरे, मी आजही ८×४२ च नेतो. तिथे पक्षी दोन सेकंद दिसतो, वीस मीटरवर, सावलीत. रुंद दृश्य आणि भरपूर उजेड पाहिजे, स्थिरता नंतर. तुमच्या हातांना मात्र तिथेही आयएसच बरी पडेल असं मला वाटतं, फक्त पहिल्या उजेडात तीन मिलिमीटरच्या गोलामुळे जरा काळोखं दिसेल, सूर्य वर आला की फरक राहत नाही. साठीनंतर आपली बाहुली तशीही तरुणपणाएवढी उघडत नाही, त्यामुळे मोठ्या काचेचा सगळा उजेड आपल्याला मिळतच नाही, त्याची फार हळहळ नको.

अंजनेरीच्या कड्यावर मात्र आयएससारखं काही नाही. खाली लांब सपाटीवर बसून कपारीतली लांब चोचीची गिधाडं बघायची. पूर्वी लोक जवळून दिसावं म्हणून वर चढायचे, घरट्याच्या रेषेत जायचे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने, मेलेल्या गुरांच्या मांसातून, या पक्ष्यांची काय दशा केली ते आपण पाहिलंय, २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं तरी संख्या अजून सावरलेली नाही, वर्षाला एका जोडीला एकच पिल्लू. त्या कपारीच्या जवळ जायचं काही कारण उरू नये म्हणून तरी स्थिर दुर्बीण हवी. मागच्या हिवाळ्यात मी तासभर एकाच कपारीकडे बघत बसलो होतो, गिधाड अंड्यावरून उठलं, चोचीने हळूच काहीतरी सारखं केलं, अंगाची दिशा बदलली आणि परत बसलं. खालून साध्या डोळ्याला तो नुसता कड्यावरचा पांढरा ओघळ होता.

बॅटरीचं. १०×३० आणि १२×३६ ला दोन एए सेल लागतात, कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, हा मोठा फायदा आहे. मी चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल वापरतो, माझे दोन-तीन रविवार सहज निघतात कारण बटण गरजेपुरतंच दाबतो. निफाडची थंडी तुम्हाला सांगायला नको, पहाटे पारा पाच-सहाच्या खाली जातो तेव्हा साधे अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात, एक जोडी स्वेटरच्या आतल्या खिशात गरम ठेवा. सेल संपले तरी दुर्बीण आंधळी होत नाही, साधी १०×३० म्हणून चालतच राहते. पावसाळ्यात वापर नसेल तर सेल काढून ठेवा, हे मी कळकळीने सांगतो, माझ्या पहिल्या आयएसमध्ये जून ते सप्टेंबर सेल तसेच राहिले, गळले, आणि आतल्या पट्ट्या हिरव्या होऊन गंजल्या. दुरुस्तीला तीन महिने गेले आणि अख्खा स्थलांतराचा हंगाम मी उसन्या दुर्बिणीवर काढला. १०×३० आणि १२×३६ वॉटरप्रूफ नाहीत, त्यामुळे पावसात, त्र्यंबकच्या धुक्यात बाहेर काढू नका, घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या ओल्या झाल्या की तव्यावर मंद आचेवर कोरड्या करा. काचेला बुरशी लागली की काढणं अवघड.

घेताना काय बघायचं. नुसतं दुकानात भिंतीकडे बघून घेऊ नका, दारात या. लांबच्या गाडीची नंबर प्लेट किंवा पाटीवरचं सगळ्यात बारीक अक्षर शोधा, बटण बंद ठेवून वाचा, मग दाबून वाचा. जे वाचता येत नव्हतं ते वाचता आलं पाहिजे, नाहीतर काहीतरी गडबड आहे. दाबल्यावर बारीक टिक किंवा घूं असा आवाज येतो तो चालतो. दोन्ही डोळ्यांनी बघताना चित्र एकच दिसतंय ना, मिनिटभराने डोळ्यांवर ताण येतो का, हे बघा. उजव्या डोळ्याचा नंबर वेगळा जुळवायचा असतो तो तिथेच करून घ्या, अर्ध्याहून जास्त तक्रारी त्या एका गोष्टीमुळे असतात. सेकंडहँड मिळाली तर सेलचा कप्पा उघडून गंज बघा, काचेतून उजेडाकडे बघून बुरशीचे धागे बघा, आणि रबर हाताला चिकटतंय का बघा, माझ्या एका जुन्या दुर्बिणीचं रबर दहाएक वर्षांत गुळासारखं चिकट झालं होतं. पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी असल्याशिवाय नवीन घेऊ नका, आत एवढं यंत्र आहे की कोपऱ्यावरचा चष्मेवाला ते उघडू शकत नाही.

आणि घ्यायच्या आधी एकदा माझीच वापरून बघा. थंडीच्या दिवसांत बहुतेक रविवारी सकाळी सातच्या आत मी चापडगावच्या टॉवरखाली काठाला स्टुलावर बसलेला असतो. चष्मा आणि झालरवाली टोपी घेऊन या. तुमची १०×५० पण आणा, एकच पक्षी आधी तिच्यातून बघा, मग माझ्यातून. मुलाला सोबत आणलंत तर अजून बरं.